पूल टेबलावरील प्रकाशयोजना, घरगुती (ग्रामीण विदर्भ)

घरात ठेवलेल्या पूल टेबलाच्या कापडावर आणि कडांवर सगळीकडे जवळपास सारखा, गडद सावल्या न पाडणारा आणि खेळणाऱ्याच्या डोळ्यांत न जाणारा उजेड पडावा, यासाठी केलेली दिव्यांची निवड व मांडणी. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ‘किती वॉटचा देऊ?’ असा येतो. टेबलाच्या बाबतीत तो दुय्यम आहे. मधोमध लख्ख आणि कोपऱ्यांत अंधूक असलेल्या टेबलापेक्षा सगळीकडे बेताचा पण समान उजेड असलेले टेबल खेळायला कधीही बरे.

या कुळातल्या खेळांशी विदर्भाचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही. पूलचा भाऊबंद असलेला स्नूकर १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला, असे मानले जाते. त्याचे श्रेय नेव्हिल चेंबरलेन या तरुण इंग्रज अधिकाऱ्याला दिले जाते. त्या काळी जबलपूर मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी होती नागपूर. खेड्यात मात्र रात्रीच्या खेळाचा दिवा म्हणजे कॅरमवरचा शेडचा बल्ब, आणि पूल टेबल घरी आले की पहिल्यांदा तोच नमुना लोकांच्या डोळ्यांसमोर येतो. इथेच गडबड होते. कॅरम बोर्डाची खेळाची जागा सुमारे ७४ सेंमी चौरस असते, तेवढ्याला एक दिवा पुरतो. आठ फुटी पूल टेबलाची खेळाची जागा ११२ बाय २२४ सेंमी, म्हणजे अडीच चौरस मीटर भरते.

एकच दिवा टेबलाच्या मध्यावर ८५ सेंमी उंचीवर लावला, तर कोपऱ्यातले पॉकेट दिव्यापासून दीड मीटर दूर पडते आणि उजेड तिथे तिरपा पोचतो. अंतर आणि तिरपेपणा दोन्ही धरून हिशेब केला तर उघड्या बल्बचा उजेड कोपऱ्यात मध्याच्या एक पंचमांशाहूनही कमी उरतो. त्या ठिकाणी प्रत्येक बॉलला कोपऱ्याच्या दिशेने काळी शेपटी फुटते आणि बॉलची नेमकी कड कुठे संपते ते कळत नाही. पूलमध्ये नेम धरायचा तो त्या कडेवरच.

दिवा भिंतीवर असेल तर आणखी वाईट. आपल्याकडे बहुतेक घरांत ट्यूबलाइट भिंतीवरच असते. टेबलाच्या लांब बाजूपासून दीड मीटरवर, कापडापासून १६० सेंमी वर ट्यूब आहे असे धरू. कुशनची, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीची, धार कापडापासून साधारण ३६ मिमी उंच असते. तिची सावली ट्यूबच्या बाजूच्या कुशनलगत सव्वा इंचाहून अधिक रुंद पट्ट्यात पडते. बॉलचा व्यास ५७ मिमी. म्हणजे कुशनला टेकलेल्या बॉलचा अर्ध्याहून अधिक पाया सावलीत जातो आणि नेमका तोच बॉल मारणे सर्वांत अवघड असते. शिवाय त्या बाजूने वाकणारा खेळाडू स्वतःच उजेड अडवतो. भिंतीवरच्या ट्यूबचे वॉट वाढवून हे सुटत नाही, दिवा टेबलाच्या डोक्यावरच यावा लागतो.

जागतिक पूल संघटनेच्या उपकरण-नियमांत टेबलाच्या व कडांच्या प्रत्येक बिंदूवर किमान ५२० लक्स (दर चौरस मीटरवर पडणाऱ्या उजेडाचे माप) उजेड मागितला आहे. बाजूला सरकवता येणारा दिवा कापडापासून किमान १०१.६ सेंमी आणि कायम बसवलेला दिवा किमान १६५ सेंमी वर असावा, असे तेच नियम सांगतात. थेट डोळ्यांत जाणारा ५००० लक्सपासूनचा प्रकाश ते दिपवणारा मानतात. ही स्पर्धेची मापे झाली. घरी कापडापासून ८० ते १०० सेंमी उंची सोयीची पडते. टेबल जमिनीपासून सुमारे ७६ सेंमी उंच असल्याने शेडची खालची कड उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत येते आणि आतला दिवा थेट दिसत नाही. याहून खाली आणला तर काठी आणि डोके दोन्ही शेडला आपटतात.

हिशेब सोपा आहे. अडीच चौरस मीटरवर ५२० लक्स म्हणजे कापडावर १३०० ल्युमेन (एकूण उजेडाचे माप) पोचायला हवेत. चार फुटी, २० वॉटची एलईडी ट्यूब साधारण २००० ल्युमेन देते. अशा दोन ट्यूब टेबलाच्या लांबीवर एकापुढे एक लावल्या आणि निम्मा उजेड जरी कापडावर पडला, तरी सरासरी ८०० लक्स मिळतात. गप्पाटप्पांच्या खेळाला हे भरपूर झाले. कोपऱ्यांतही स्पर्धेचे माप गाठायचे असेल तर दोन समांतर रांगांत चार ट्यूब बसवाव्यात, मात्र त्या कमी वॉटच्या घ्याव्यात. वर पांढरा रंग दिलेल्या पत्र्याची उतरती झाकण-पट्टी केली की छताकडे वाया जाणारा उजेड खाली येतो. हे काम तालुक्याच्या गावचा कुठलाही कूलर बनवणारा करून देतो. तीन शेडचे तयार झुंबर दिसायला देखणे असते. त्यात १२ वॉटचे बल्ब आणि आतून पांढऱ्या शेड असल्या तर चालते. रंगीत काचेच्या शेड मात्र टाळाव्यात.

लग्नमांडवात किंवा खळ्यावर लावतात तसला ५० वॉटचा ‘फोकस’ टांगण्याचा मोह अनेकांना होतो, कारण तो घरात असतोच. ल्युमेन त्यात मुबलक. पण सगळा उजेड वीतभर चौकोनातून येतो, बॉलवर त्याचा पांढरा चट्टा पडतो आणि समोरच्याने मान वर केली की डोळ्यांपुढे अंधारी. फोकस अंगणातच राहू द्यावा.

रंगाची बाब थोडक्यात. ४००० केल्विनच्या आसपासचा, ना पिवळा ना निळसर असा उजेड घ्यावा. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा, शंभरपैकी आकडा) ८० तरी लिहिलेला असावा, ९० मिळाला तर उत्तम. स्वस्त दिव्यांखाली तीन नंबरचा लाल आणि सात नंबरचा मरून सारखेच भासतात, आणि चार नंबरचा जांभळा दुरून आठ नंबरच्या काळ्यासारखा दिसतो. काळा चुकून पडला तर डाव तिथेच संपतो. भिंती पोपटी किंवा गर्द निळ्या असतील तर त्यांची झाक कापडावर उतरते. टेबलाच्या खोलीला पांढरा चुना बरा.

दिवा कशाला टांगायचा हे घराच्या छतावर ठरते. स्लॅबच्या घरात खोलीच्या मध्यावर पंख्याचा हूक असतो आणि तिथे पंखा असतो. दिवे पंख्याच्या वर राहिले तर पात्यांच्या सावल्या कापडावर फिरत राहतात, म्हणून ते पंख्याच्या खालीच हवेत. त्याहून चांगले म्हणजे पंखा काढून बाजूला स्टँडचा पंखा ठेवावा. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय कोणी खेळणार नाही हे खरे, पण त्याचा झोत टेबलाकडे नको. ओलसर हवेने कापड जड होते आणि टांगलेला दिवा डोलतो. कवेलूच्या (कौलारू) घरात दिवा सागवानी मयालीला (जाड आडव्या तुळईला) बांधावा, वाशाला नाही. माकडांनी कवेलू सरकवले की पहिल्या पावसाची धार कुठे येईल याचा नेम नसतो, त्यामुळे वरची झाकण-पट्टी पाणी उडवणारी असली तर बरे. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या पॅकिंगसाठी टिनाची शेड बांधलेली असते आणि हंगाम सरला की ती रिकामी पडते. तिथे टेबल ठेवले तर कैचीपासून (छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यापासून) लांब साखळी सोडावी लागते. दिवा दोन सरळ साखळ्यांवर न सोडता प्रत्येक टोकाला वर फाकलेल्या व्ही आकारात दोन-दोन, अशा चार साखळ्यांवर बांधला की डोलणे बरेच कमी होते.

विजेचा प्रश्न वेगळा. संध्याकाळी गावात लाइन डिम होते आणि रात्री शेतातल्या पंपांच्या मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज एकदम चढते. न्यूट्रल तुटला तर घरातले दिवे एका फटक्यात उडतात. म्हणून १०० ते ३०० व्होल्टवर चालणारा आणि सर्ज (विजेचा अचानक झटका) सोसणारा ड्रायव्हर (एलईडीला वीज जुळवून देणारे सर्किट) असलेलेच बॅटन (पट्टीसकट येणारी ट्यूब) घ्यावे. हलका ड्रायव्हर ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्यांना ते जाणवले नाही तरी तासाभराने डोके जड होते. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरला आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा दुकानदाराला परत द्यावा. दोन ट्यूब मिळून ४० वॉट लागतात. १५० एएचच्या बॅटरीचा इन्व्हर्टर तेवढा भार एका पंख्यासकट डाव संपेपर्यंत सहज ओढतो. आतच बॅटरी असलेले ‘इमर्जन्सी’ बल्ब या कामाचे नाहीत, कारण लाइन गेली की ते निम्म्या उजेडावर येतात.

किड्यांचा हिशेब ऋतूवर आहे. पावसाच्या सुरुवातीला पंखवाली वाळवी आणि भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात पीक पोटऱ्यात आल्यावर तुडतुडे दिव्यावर तुटून पडतात. शेतात प्रकाशसापळे लावतात ते याच सवयीचा फायदा घेऊन. टेबलावर पडलेला किडा हाताने चिरडला की कापडावर तेलकट डाग राहतो. तो मऊ ब्रशने उचलावा. एलईडीत अतिनील किरण जवळपास नसल्याने जुन्या ट्यूबपेक्षा किडे कमी येतात, आणि उबदार छटेच्या दिव्याला आणखी कमी. त्या महिन्या-दीड महिन्यापुरते ३००० केल्विनचे बल्ब लावून रंगांची थोडी तडजोड करणे शहाणपणाचे. अंगणात दूर एक पांढरा दिवा लावून ठेवला तर बरेच किडे तिकडे जातात.

दिवाळीनंतर घरात कापूस येतो, आणि खोली मोठी म्हणून तो टेबलाच्या खोलीतच रचला जातो. अशा खोलीत हॅलोजन किंवा साधा पिवळा बल्ब अजिबात नको. त्यांची काच कापूस पेटवण्याइतकी तापते. एलईडीही उघड्या होल्डरवर किंवा पिळलेल्या जोडावर लावू नये, कारण ठिणगी दिव्यापेक्षा जोडातून पडते. उंदीर वायर कुरतडतात, म्हणून मयालीवरून येणारी वायर पीव्हीसी नळीतून आणावी आणि टेबलाच्या दिव्यांना स्वतंत्र एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) द्यावा. कापूस विकेपर्यंत शेडवर साचणारी तंतूंची लव आठवड्याला कोरड्या फडक्याने, एमसीबी पाडून, पुसावी.