टाळीचं वाक्य कसं घडतं?

सभेत एकट्यानं टाळी वाजवायला फार धीर लागतो. दोनदा वाजवावी, कुणी साथ देऊ नये आणि आजूबाजूच्यांनी वळून बघावं, ही धास्ती प्रत्येक श्रोत्याला असते. तरीही हजारभर माणसं एका क्षणी टाळ्या वाजवतात. ‘आता वाजवा’ ही खूण त्यांना मिळते कुठून?

मॅक्स अ‍ॅटकिन्सन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं राजकीय भाषणांच्या ध्वनिफिती आणि चित्रफिती पुन्हा पुन्हा तपासल्या. टाळ्या बहुधा वाक्य संपल्यावर ०.३ सेकंदाच्या आत सुरू होत होत्या, कधी वाक्य पुरं व्हायच्या आधीच. ऐकून, पटवून घेऊन मग हात उचलायला एवढा वेळ पुरणार नाही. म्हणजे वाक्य कुठे संपणार हे श्रोत्यानं आधीच हेरलेलं असतं.

हेरता येईल अशीच ती वाक्यं बांधलेली असतात. सगळ्यात हुकमी बांधणी विरोधाची. ‘त्यांनी सत्तेसाठी पक्ष सोडला, आम्ही पक्षासाठी...’ पुढचे दोन शब्द तुम्ही मनात म्हटलेसुद्धा! दुसरी बांधणी तिहेरी यादीची. दोन गोष्टी झाल्या की तिसरी शेवटची, हे कान ओळखतो. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ या घोषणेचा ठेका तोच आहे. विरोधाचा एक नमुना बघा: ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर १९८० मध्ये आपल्या पक्षाच्या ब्रायटनच्या अधिवेशनात म्हणाल्या, तुम्हाला माघारी वळायचं असेल तर वळा, ही बाई वळणारी नव्हे. पहिल्या अर्ध्या भागातच दुसऱ्याची चाहूल आहे.

जॉन हेरिटेज आणि डेव्हिड ग्रेटबॅच या समाजशास्त्रज्ञांनी १९८१ च्या ब्रिटिश पक्ष-अधिवेशनांतली ४७६ भाषणं तपासली. सामूहिक टाळ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक टाळ्या अशा अवघ्या सात बांधण्यांना मिळाल्या होत्या. एकट्या विरोधाचा वाटा सुमारे ३३ टक्के, यादीचा सुमारे १३. अर्थात नुसती बांधणी पुरत नाही. आवाजाचा चढउतार, हातवारे, नेमक्या वेळी श्रोत्यांकडे टाकलेली नजर यांची जोड मिळाली की टाळीची शक्यता बरीच वाढते. पुढे १९८४ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी अ‍ॅटकिन्सननी एका नवख्या महिलेला ही तंत्रं शिकवली. पक्षाच्या अधिवेशनात लोकांनी उभं राहून तिला दाद दिली.

मराठीत वक्त्याच्या हाताशी आणखी एक सोय आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागून. ‘हा अन्याय आम्ही सहन करणार...’ म्हणून वक्ता थांबतो, आणि ‘नाही!’ मैदान म्हणतं. असल्या थांब्यांचा कुणी मोजून अभ्यास केला, तर मला तो वाचायला आवडेल.

मात्र बांधणी म्हणजे लबाडी, असं समजू नये. २५ नोव्हेंबर १९४९ ला डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत बजावलं की २६ जानेवारीपासून आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकणार आहोत: राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. हाही विरोधच. इथे तो देशाच्या परिस्थितीतच होता, वाक्यानं फक्त तो उघडा केला. सत्ता सोडल्याच्या वाक्यात मात्र सत्ता खरंच सोडली होती का, हे विचारायच्या आत टाळी पडून जाते. माझ्या मते फरक तिथे आहे.

पीटर बुल या मानसशास्त्रज्ञानं या संशोधनाला एक महत्त्वाची पुरवणी जोडली. सगळ्याच टाळ्या वक्त्यानं मागितलेल्या नसतात. मुद्दा जिव्हाळ्याचा असला तर लोक बांधणीची वाट न बघता, वाक्य मध्येच तोडून टाळ्या वाजवतात, आणि वक्त्याला थांबावं लागतं. वृत्तवाहिनीवरच्या दहा सेकंदांच्या तुकड्यात या दोन टाळ्या सारख्याच ऐकू येतात. शिवाय हेरिटेज-ग्रेटबॅच यांचे श्रोते पक्षाच्या अधिवेशनाला आलेले, म्हणजे बहुतेक घरचेच होते. कुंपणावरच्या मतदाराचं मन त्या वाक्यांनी वळलं का, हे टाळ्या मोजून कळणारं नव्हतं.