पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता : जॉर्ज डिक्सन की जॅक जॉन्सन?

मुष्टियुद्धातला पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता कोण, असं विचारलं की बहुतेक जण जॅक जॉन्सनचं नाव घेतात. जॉन्सन पहिला खराच, पण फक्त हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनाच्या गटात. सगळे वजनगट धरले तर हा मान जॉर्ज डिक्सनचा आहे, आणि तोही अठरा वर्षं आधीचा. डिक्सनचं नाव असं मागे पडावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

डिक्सनचा जन्म १८७० चा, कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या आफ्रिकव्हिल वस्तीतला. उंची जेमतेम पाच फूट साडेतीन इंच. २७ जून १८९० रोजी लंडनमध्ये नंक वॉलेसला हरवून तो बँटमवेट या हलक्या वजनगटाचा जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी ३१ मार्चला न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरात त्याने कॅल मॅकार्थीला २२व्या फेरीत नमवलं आणि त्याच्या वरच्या फेदरवेट गटाचा किताबही मिळवला. योगायोग बघा, टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनचा जॉन्सन नेमका त्याच दिवशी तेरा वर्षांचा झाला. आज प्रत्येक तालमीत दिसणारं शॅडो बॉक्सिंग, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारण्याचा सराव, याचं श्रेयही डिक्सनला दिलं जातं.

मग हेवीवेटला एवढा उशीर का लागला? दोघांमधला खरा फरक इथेच आहे. हेवीवेटचा विजेता म्हणजे जगातला सर्वांत ताकदवान पुरुष, अशी तेव्हाची समजूत. तो मान काळ्या माणसाच्या हाती जाऊच नये म्हणून गोरे विजेते त्यांच्याशी लढायलाच नकार देत. तेव्हाचा हेवीवेट जगज्जेता जॉन सुलिव्हन याने हे उघडपणे सांगितलं होतं. त्यामुळे पीटर जॅक्सनसारख्या तोलामोलाच्या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला त्याच्याविरुद्ध कधी रिंगमध्ये उतरताच आलं नाही. बारक्या चणीच्या गटांना तेवढी प्रतिष्ठा नव्हती, म्हणून तिथलं दार किलकिलं राहिलं.

तेही किती दिवस? ६ सप्टेंबर १८९२ रोजी न्यू ऑर्लीन्सच्या ऑलिंपिक क्लबमध्ये डिक्सनची लढत गोऱ्या जॅक स्केलीशी होती. कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी जागा ठेवा, असा डिक्सनचा आग्रह होता आणि क्लबला सातशे जागा द्याव्या लागल्या. आपला माणूस रिंगमध्ये बरोबरीने उभा असलेला त्या सातशे जणांनी डोळ्यांनी पाहिला. डिक्सनने आठव्या फेरीत स्केलीला लोळवलं. त्यानंतर क्लबने काळ्या-गोऱ्यांच्या लढती भरवणंच बंद केलं.

जॉन्सनला तर नुसती संधी मिळवण्यासाठीच जगज्जेत्या टॉमी बर्न्सच्या मागे ऑस्ट्रेलियापर्यंत जावं लागलं. २६ डिसेंबर १९०८ ला सिडनीत लढत झाली. बर्न्सला ३०,००० डॉलर, जॉन्सनला ५,०००. चौदाव्या फेरीत बर्न्स पार खिळखिळा झाल्यावर पोलिसांनी लढत थांबवली. तिचं चित्रीकरण चालू होतं, तेही तिथेच बंद केलं गेलं. गोरा विजेता हरल्याचा शेवटचा क्षण लोकांना दिसू नये, एवढी काळजी! १९१० मध्ये रीनोला जॉन्सनने माजी जगज्जेता, गोरा जेम्स जेफ्रीज यालाही हरवलं, तेव्हा अमेरिकेत ठिकठिकाणी दंगली उसळल्या आणि काळ्यांचे जीव गेले. १९१३ मध्ये मॅन कायद्याखाली (‘अनैतिक’ हेतूने स्त्रियांना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी घालणारा अमेरिकी कायदा) जॉन्सनला दोषी ठरवणाऱ्या ज्यूरीत सगळे गोरे होते. त्या शिक्षेबद्दल त्याला माफी मिळाली २०१८ मध्ये, मृत्यूनंतर ७२ वर्षांनी.

या दोघांमध्ये जो गान्सही येतो. १९०२ मध्ये लाइटवेटचा किताब जिंकणारा तो अमेरिकेत जन्मलेला पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता. डिक्सन कॅनडाचा असल्यामुळे हा मान गान्सकडे जातो.

जॉन्सनचा सिडनीतला विजय मात्र डिक्सनच्या कानावर कधीच पडला नाही. त्याच १९०८ सालच्या ६ जानेवारीला न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात त्याने प्राण सोडला होता. वय ३७, आणि खिसा रिकामा.