नाडी 72च हवी का?

‘बसल्या जागी नाडी 72च हवी, स्मार्ट घड्याळ 64 किंवा 84 दाखवतंय म्हणजे हृदयात बिघाड’, हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. प्रौढांत 60 ते 100 नेहमीचंच. रोज पळणाऱ्यांत 50च्या खालीही. शिवाय घड्याळ ठोके ऐकत नाही, त्वचेत हिरवा उजेड सोडून रक्ताचा चढउतार टिपतं. ग्वाल्हेरच्या जानेवारीत मनगट गार पडलं की त्वचेतलं रक्त कमी होतं, आकडा भरकटतो. सैल पट्ट्यानंही तेच. तो मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्टसर हवा. पडताळायचं तर सकाळी चहाआधी पाच मिनिटं शांत बसा, अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दोन बोटं ठेवा (अंगठा नको, त्याची स्वतःची नाडी लागते) आणि पूर्ण 60 सेकंद मोजा. 15 सेकंदांची चौपट केली, तर एका ठोक्याची चूक चारची होते. चक्कर किंवा धाप असेल तर मात्र थेट डॉक्टरांकडे.