फूर्नो (फ्रेंच चूल)

फ्रान्समधील स्वयंपाकाची पारंपरिक मोठी चूल. बीड किंवा पोलादाच्या एकाच सांगाड्यात वर शेगड्या व जाड तवा, खाली एक किंवा अधिक भट्ट्या अशी तिची बांधणी असते. हॉटेलांतले आचारी तिला ‘पियानो’ म्हणतात.

18 व्या शतकात श्रीमंत फ्रेंच घरांत ‘पोताजे’ नावाचा विटांचा ओटा असे. त्याच्या खळग्यांत निखारे घालून उभ्यानेच सॉस आटवता येत असे. पण कोळशाचा विषारी वायू सगळा स्वयंपाकघरातच राही. आग बंदिस्त करून धूर नळीवाटे बाहेर काढणारी बिडाची चूल आली, तेव्हा हा त्रास संपला.

या बदलात झां-बातीस्त आंद्रे गोदँ (1817–1888) याचे नाव आदराने घ्यायला हवे. कुलपे बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. तेव्हाच्या शेगड्या पत्र्याच्या असत. बीड उष्णता अधिक काळ धरून ठेवते, हे ओळखून त्याने 1840 मध्ये बिडाच्या शेगडीचे पेटंट घेतले आणि पुढे ग्वीझ गावी कारखाना उभारला. तिथे कामगारांसाठी त्याने 1859 पासून ‘फामिलिस्तेर’ ही काचेच्या छताखालच्या चौकांची वसाहत बांधली. 1880 मध्ये कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेचा झाला. ती संस्था 1968 पर्यंत टिकली.

चुलीचे रंगीत, चकचकीत अंग म्हणजे इनॅमल. काचेची पूड धातूवर चढवून सुमारे 800 अंश सेल्सियसला भाजतात, तेव्हा ती वितळून एकजीव होते. निवताना काच आणि धातू सारखे आकसले नाहीत तर तडा जातो, म्हणून सगळी कसोटी मिश्रणात आणि भाजणीत लागते.

पॅरिसमध्ये गॅस घरोघरी पोहोचत असताना आल्बेर द्युप्वी याने 1908 मध्ये ‘ला कॉर्न्यू’ या चुली बनवणाऱ्या कंपनीची स्थापना केली. त्याच्या भट्टीचे छत कमानदार होते. गरम हवा त्या कमानीवरून वळून खाली येते आणि पंख्याशिवाय फिरत राहते. बर्गंडीतले लाकांश गाव आणि 1923 मध्ये सुरू झालेली ‘मोल्तेनी’ कंपनी ही या कलेची आणखी दोन मोठी नावे.

मात्र या चुलीचा जीव ‘कू द फ’ या सपाट तव्यात आहे. त्याच्या मध्याखाली ज्वाला असते. मधली गोल चकती सर्वांत तापते आणि कडेकडे आच उतरत जाते. आचारी खटका फिरवत नाही, भांडे सरकवतो: उकळी मध्यावर, रटरटणे जरा बाजूला, तयार सॉस अगदी कडेला. आपल्याकडे चुलीवरची आमटी वैलावर सरकवणाऱ्या हाताला हे शिकवावे लागणार नाही. तवा तापायला वेळ घेतो, म्हणून जेवणाच्या वेळेच्या बराच आधी तो पेटवतात आणि शेवटचे ताट जाईपर्यंत विझवत नाहीत.