नेफ काढलेला विषाणू

ऱ्हिसस माकडाला एचआयव्ही टोचला तर त्याला एड्स होत नाही. विषाणू पेशीत शिरतो, पण तिथेच अडकतो. माकडाच्या पेशीत ट्रिम-५-अल्फा नावाचे प्रथिन असते. ते विषाणूच्या आतल्या कवचाला चिकटते आणि त्याचे जनुकीय साहित्य पुढे सरकण्याआधीच त्याला निकामी करते. हे नेमके कारण २००४ साली उमगले, पण अडचण १९८०च्या दशकातच समोर होती. एड्सचा अभ्यास प्राण्यात करायचा, तर त्या प्राण्यात वाढणारा तसाच विषाणू हवा.

तो १९८५ साली मिळाला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात साउथबरो येथे हार्वर्ड विद्यापीठाचे प्रायमेट संशोधन केंद्र होते. तिथल्या आजारी मकाक माकडांमधून (ऱ्हिसस हा मकाकांचाच एक प्रकार) एचआयव्हीच्या कुळातला विषाणू वेगळा काढण्यात आला. आज आपण त्याला एसआयव्ही म्हणतो. हे काम करणाऱ्या गटात रोनाल्ड डेस्रोझिअर्स होते. तोवर ते माकडांच्या हर्पीस विषाणूंवर काम करत होते. पुढची काही दशके त्यांनी एसआयव्हीला दिली.

आशियातल्या मकाकांमध्ये हा विषाणू निसर्गतः नसतो. त्याचा मूळ धनी पश्चिम आफ्रिकेतले सूटी मँगाबे हे माकड. संशोधन केंद्रांच्या पिंजऱ्यांत तो मँगाबेकडून मकाकांकडे गेला. मँगाबेच्या रक्तात विषाणू भरपूर असतो, तरी ते सहसा आजारी पडत नाही. मकाकाला मात्र एक-दोन वर्षांत एड्स गाठतो. माणसात उपचाराविना हाच प्रवास सरासरी दहाएक वर्षांचा असतो.

डेस्रोझिअर्स यांच्या प्रयोगशाळेचे सर्वांत टिकाऊ काम माझ्या मते त्यांच्या कोणत्याही लशीपेक्षा एक क्लोन हे आहे: एसआयव्ही-मॅक-२३९. यातला २३९ हा ज्या माकडापासून तो मिळाला त्याचा क्रमांक. आजारी माकडाच्या रक्तात एकच विषाणू नसतो, किंचित वेगळ्या हजारो रूपांची गर्दी असते. ती गर्दी टोचून प्रयोग केला, तर परिणाम कोणत्या रूपामुळे झाला ते सांगता येत नाही. क्लोनमध्ये विषाणूचा संपूर्ण डीएनए एका ठरलेल्या क्रमाने प्लाझ्मिड या छोट्या वर्तुळाकार डीएनएत साठवलेला असतो. तो पेशींत सोडला की त्याच क्रमाचे विषाणू बाहेर पडतात. जनुकीय क्रमातले एखादे अक्षर बदलून पुन्हा प्रयोग करता येतो, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळेलाही तोच विषाणू वापरता येतो.

जनुकीय क्रम हाताशी असण्याचा आणखी एक उपयोग १९८८ साली दिसला. आफ्रिकन हिरव्या माकडातला म्हणून आणि माणसातला नवा म्हणून गाजलेले दोन विषाणू डेस्रोझिअर्स यांच्या गटाने तपासले. ते मकाकाच्या एसआयव्हीशी इतके तंतोतंत जुळले, की ते प्रयोगशाळेतल्या भेसळीतून आले हे स्पष्ट झाले. एकाच कक्षात दोन विषाणू वाढवले जात असतील, तर जोमदार विषाणू एका थेंबातूनही दुसऱ्या बाटलीचा ताबा घेतो. म्हणूनच साठा गोठवण्याआधी त्याचा क्रम पुन्हा वाचतात.

आता नेफ. हे विषाणूचे छोटे जनुक. पेशीसंवर्धनात ते नसले तरी विषाणू छान वाढतो, त्यामुळे ते बिनकामाचे असावे असा समज होता. डेस्रोझिअर्स यांच्या गटाने १९९१ साली प्रश्न माकडालाच विचारला. एका रूपात नेफमध्ये एका अक्षराच्या बदलाने 'इथे थांबा' असा संकेत होता. हा विषाणू टोचल्यावर थोड्याच आठवड्यांत माकडांच्या शरीरात ते अक्षर बदलले आणि नेफ पूर्ण झाले. ज्याला संपूर्ण नेफ आहे तोच वाढत होता, याचा अर्थ नेफला जिवंत शरीरात मोठे काम होते. मग त्यांनी जनुकातली १८२ अक्षरेच काढून टाकली. एक अक्षर उलटू शकते, गेलेली १८२ परत येत नाहीत. या माकडांच्या रक्तात विषाणू फारच कमी राहिला आणि ती निरोगी राहिली.

नेफ काय करते हे पुढे उलगडत गेले. संक्रमित पेशीच्या पृष्ठभागावरून ते सीडी४ (विषाणू ज्याला धरून पेशीत शिरतो तो रेणू) आणि पहिल्या वर्गाचे एमएचसी रेणू (आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर दाखवणारे) काढून घेते, त्यामुळे मारक टी पेशींना ती पेशी ओळखणे जड जाते. एसआयव्हीत ते टेदरिनलाही हटवते. टेदरिन हे पेशीचे प्रथिन बाहेर पडू पाहणाऱ्या विषाणूकणांना पेशीलाच जखडून ठेवते. माणसाच्या एचआयव्ही-१ मध्ये हे काम व्हीपीयू नावाचे दुसरे प्रथिन करते.

१९९२ साली नेफ नसलेल्या विषाणूची लस म्हणून परीक्षा झाली. लस टोचून दोन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर माकडांना रोगकारक विषाणू थेट शिरेतून देण्यात आला. मात्रा मोजण्याची रीत अशी: साठा दहा-दहा पटींनी पातळ करत माकडांना देतात आणि संसर्ग घडवणारी किमान मात्रा ठरवतात. तिला एक 'प्राणी-संसर्ग मात्रा' म्हणतात. या माकडांपैकी काहींना अशा दहा, तर काहींना हजार मात्रा दिल्या. लस घेतलेली चारही माकडे वाचली. मारलेल्या विषाणूच्या किंवा सुट्या प्रथिनांच्या लशींनी असे यश क्वचितच दिले होते. १९९७ साली तर काही डॉक्टरांनी माणसासाठी केलेली अशी लस स्वतःला टोचून घेण्याची तयारी जाहीर केली.

ती वेळ आली नाही. बॉस्टनमधल्या रुथ रुप्रेख्त यांच्या गटाने नेफ, व्हीपीआर हे दुसरे जनुक आणि एक नियंत्रक तुकडा असे तीन भाग काढलेला विषाणू १९९५ साली नवजात माकडांना तोंडावाटे दिला. पिल्लांना एड्स झाला. मात्रा फार मोठी होती आणि नवजातांची प्रतिकारशक्ती अपुरी असते, असा आक्षेप घेतला गेला. तो वाजवी होता. पण त्याच गटाने माकडे वर्षानुवर्षे सांभाळली आणि १९९९ साली दाखवून दिले, की लस दिलेल्या प्रौढ माकडांमध्येही काहींना एड्स होतो. सिडनीत एका रक्तदात्याकडून नेफ तुटलेला एचआयव्ही काही रुग्णांकडे गेला होता. ती माणसे बराच काळ ठणठणीत होती, मग त्यांतल्या काहींच्या सीडी४ पेशी, म्हणजे विषाणू ज्यांच्यावर हल्ला करतो त्या टी पेशी, घटू लागल्या.

दुखणे लशीच्या कार्यपद्धतीतच आहे. ती संरक्षण देते, कारण ती शरीरात कायम राहून संथपणे वाढत असते आणि लसिका ग्रंथींतल्या टी पेशींना सतत जागे ठेवते. लस दिल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत संरक्षण कमी असते, ते पुढे पक्के होते, यालाही हेच कारण. पण वाढणारा विषाणू बदलतोही. नेफ नसलेला एसआयव्ही एका माकडातून दुसऱ्यात नेत राहिल्यावर त्याच्या बाह्य आवरणाच्या जीपी-४१ प्रथिनात बदल झाले आणि टेदरिन हटवण्याचे काम त्या प्रथिनाने उचलले. जनुक परत आले नाही, त्याचे एक काम मात्र परत आले. आणि दिलेली लस मागे घेता येत नाही.

माकडांवरचे निष्कर्ष चुकतात ते बहुधा तपशिलात. १९९१ साली ब्रिटनमध्ये दिसले, की मारलेल्या विषाणूच्या लशीने मिळते तसे संरक्षण काही माकडांना नुसत्या, विषाणू नसलेल्या मानवी पेशी टोचूनही मिळते. लशीचा आणि चाचणीचा विषाणू दोन्ही मानवी पेशींत वाढवलेले होते. विषाणू पेशीबाहेर पडताना तिची प्रथिने अंगावर घेतो, आणि माकडाने प्रतिपिंडे तयार केली होती ती त्या प्रथिनांविरुद्ध. यावर उपाय म्हणजे चाचणीचा साठा माकडाच्याच पेशींत वाढवणे.

दुसरा धडा महागात पडला. एचआयव्हीचे आवरण बसवलेल्या एसआयव्हीला एसएचआयव्ही म्हणतात. त्यातल्या ८९.६पी या प्रकाराविरुद्ध अडेनोविषाणू या सर्दी आणणाऱ्या विषाणूवर आधारलेली एक लस छान ठरली, मात्र एसआयव्ही-मॅक-२३९ पुढे ती फिकी पडली. तशाच लशीची माणसांवरची 'स्टेप' चाचणी २००७ साली निष्फळ म्हणून थांबवावी लागली. ८९.६पी आवरायला सोपा होता, २३९ अवघड आहे. अवघड विषाणूवर पारखणे म्हणजे लशीवर अन्याय, असे म्हणणारे होते. मला ते पटत नाही.

शिवाय माकडेही एकसारखी नसतात. ममू-बी-०८ किंवा ममू-बी-१७ हे एमएचसी प्रकार असलेली काही माकडे लशीशिवायच एसआयव्ही आटोक्यात ठेवतात. चार-सहाच्या गटात अशी दोन निघाली, तर निकालाला अर्थ उरत नाही. म्हणून गट पाडण्याआधी एमएचसी तपासतात. रक्ताचीही मर्यादा असते. पाच किलोच्या माकडात सुमारे ३०० मिलिलिटर रक्त असते, आणि एका वेळी त्यातले दहाएक टक्केच घेता येते. त्यामुळे कोणती तपासणी कधी करायची, हे आधीच ठरवावे लागते. उशीर चालत नाही, कारण आतड्यातल्या सीडी४ पेशी संसर्गानंतर पहिल्या तीन आठवड्यांतच नष्ट होतात, रक्तातला आकडा फारसा हललेला नसतानाही.

डेस्रोझिअर्स पुढे मायामी विद्यापीठात गेले आणि त्यांनी वेगळी वाट धरली. एचआयव्हीच्या अनेक वाणांना रोखणारी प्रतिपिंडे शरीराला शिकवण्याऐवजी त्यांचे जनुकच एएव्ही या निरुपद्रवी विषाणूतून स्नायूत पोचवायचे. मग स्नायूच कारखान्यासारखा प्रतिपिंडे बनवत राहतो. अडचण अशी, की माकडाचे शरीर बहुतेक वेळा या प्रतिपिंडांनाच परके मानते, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि त्यांची पातळी कोसळते. तरी २०१९ साली त्यांच्या गटाने एका माकडाचा अहवाल दिला. एसएचआयव्हीचा संसर्ग असलेल्या या माकडाला तीन प्रतिपिंडांची जनुके एकदाच दिली होती. त्यातली दोन टिकली आणि रक्तातला विषाणू वर्षानुवर्षे मोजणीच्या खाली राहिला. त्यानंतर चार माकडांवर हेच केले, तेव्हा दोघांत विषाणू दबला. उरलेल्या दोघांत तो दबला नाही. प्रतिपिंडांची पातळी पुरेशी टिकली तरच विषाणू दबतो, म्हणून शरीर ती नाकारणार नाही असा मार्ग शोधणे हे आता या कामातले मुख्य कोडे आहे.