पार्श्वभूमी : बेणारेबाईंचे स्वगत आणि ‘स्त्रीवादी’ हे विशेषण

स्त्रीचे दुःख मराठी रंगभूमीला नवे नव्हते. जरठ-कुमारी विवाहावरचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये आले तेव्हा शारदेचे काम पुरुषच करीत. स्त्रीची भूमिका स्त्रीने करण्याचा पायंडा १९३३ नंतर रुळला आणि १९४२ च्या ‘कुलवधू’त नटी म्हणून नावारूपाला आलेल्या बायकोचा मत्सर करणारा नवरा दिसला. या नाटकांना स्त्रीप्रधान म्हणण्यास कोणाची हरकत नसते. ती स्त्रीवादी होती का, हा प्रश्न समीक्षेत १९७५ च्या महिला वर्षानंतर जोर धरू लागला आणि तो वारंवार विजय तेंडुलकरांच्या १९६७ च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकापाशी येऊन अडला.

हौशी नटमंडळींनी वेळ घालवण्यासाठी मांडलेला खोटा खटला अविवाहित शिक्षिका लीला बेणारे हिच्या खऱ्या आयुष्यावर, एका प्राध्यापकापासून राहिलेल्या तिच्या गर्भावर, कसा घसरतो, हा या नाटकाचा विषय. वाद आहे तो अखेरच्या स्वगताचा. बेणारेबाईंनी गप्पच राहावे असा नाटककाराचा मूळ कल होता आणि दिग्दर्शकाच्या आग्रहामुळे स्वगत लिहिले गेले, असे सांगितले जाते. काहींच्या मते या स्वगतामुळेच नाटक स्त्रीवादी ठरते, कारण आरोपी बाई अखेर स्वतःची बाजू स्वतः मांडते. पण कोर्टाने तिला दिलेली मुदत दहा सेकंदांची आहे. ती बोलत असताना भोवतालची सगळी पात्रे जागच्या जागी गोठलेली असतात, म्हणजे तिचे म्हणणे प्रेक्षकांपर्यंत पोचते आणि न्यायाधीशापर्यंत पोचत नाही. शिवाय त्या बोलण्यात शरीराविषयीची चीड आहे, मुलाला बापाचे नाव मिळावे ही आस आहे. पितृसत्तेची भाषा तिच्या तोंडूनही सुटलेली नाही. म्हणून ‘स्त्रीवादी’ हे विशेषण त्या व्यक्तिरेखेपेक्षा नाटकाच्या रचनेला अधिक शोभते, असे वाटते. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे कोर्टच शेवटी गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावते आणि मुलाचा बाप असलेल्या प्राध्यापकाची खुर्ची रिकामीच राहते. या विसंगतीइतके बोलके त्या स्वगतात काही नाही.

गर्भपाताचा कायदा त्यानंतर चार वर्षांनी, १९७१ मध्ये झाला. संततिनियमनाचे साधन निकामी ठरल्यास गर्भपाताची मुभा देणाऱ्या त्याच्या स्पष्टीकरणात उल्लेख होता तो ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांचा, आणि ही शब्दरचना २०२१ मध्ये बदलली. बेणारेबाई त्या ओळीत बसल्या नसत्या.

पुढे नाटकांचा स्त्रीवादी कल स्पष्ट झाला तो स्त्रियांच्या चळवळीमुळे. १९८३ मध्ये एका महिला संघटनेने ‘मुलगी झाली हो’ हे नाटक गाण्यांसह वस्त्यांमध्ये नेले. त्यात एका नायिकेच्या शोकांतिकेऐवजी घरोघरच्या मुलींचे सामायिक जगणे होते आणि प्रेक्षकांत बायका मोठ्या संख्येने होत्या. व्यावसायिक रंगभूमीवर १९९१ चे ‘चारचौघी’ आले. विवाहित पुरुषाशी संबंध ठेवून मुलींना वाढवणारी आई आणि तिच्या तीन मुली यांतील कोणालाही तिथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागत नाही. त्या आपसात वाद घालतात, निर्णय घेतात आणि त्याचे परिणामही सोसतात. दोघांवर प्रेम करणाऱ्या धाकटीचा निर्णय तेव्हा अनेकांना पचला नव्हता. हे नाटक २०२२ मध्ये नव्या संचात पुन्हा आले आणि धाकटीच्या त्याच प्रश्नावर पुन्हा चर्चा झाली.