रंगीत ठिपक्याआधीची जवळजवळ दोनशे वर्षं

जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात निकाल दिला, तेव्हा पुराव्यात मेंदूच्या विद्युत लहरींची चाचणीही होती. डोक्याला इलेक्ट्रोड लावून गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवायची आणि लहरींत आठवणीची खूण शोधायची. निकालाची चर्चा परदेशातही झाली. मनातलं डोक्यात हुडकण्याची ही हौस मात्र बरीच जुनी.

१८००च्या सुमारास व्हिएन्नात फ्रान्झ गाल नावाचा डॉक्टर कवटीचे उंचवटे चाचपून स्वभाव सांगे. (हात बघणाऱ्यांच्या देशात आपण त्याला काय हसायचं!) पण मेंदूच्या निरनिराळ्या भागांना निरनिराळी कामं, हा त्याचा मूळ विचार टिकला. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका या डॉक्टरने 'टॅन' एवढ्या एका उच्चारापलीकडे फारसं काही बोलू न शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. इजा डाव्या बाजूला, पुढच्या भागात होती. पुढे कित्येक वर्षं बरीचशी भिस्त याच क्रमावर राहिली: आधी बिघाड, मग मरण, मग जागा.

धडधाकट माणसाच्या डोक्यात डोकावायची वाट दाखवली रक्ताने. मेंदूच्या काम करणाऱ्या भागाकडे रक्त जास्त धावतं, हे १८९० मध्ये रॉय आणि शेरिंग्टन या शास्त्रज्ञांनी मांडलं. १९७०च्या दशकात हे धावणं चित्रात दाखवणारा पेट (PET) स्कॅन आला. त्यात किरणोत्सारी द्रव्य टोचावं लागे. १९९० मध्ये सेइजी ओगावा या शास्त्रज्ञाने दाखवलं, की रक्तातल्या ऑक्सिजनच्या फरकाने एमआरआयचा संकेतच बदलतो. दोन वर्षांत माणसांवर प्रयोग झाले, तेही सुईशिवाय.

खरी मेख वजाबाकीत आहे. मेंदू सगळा सतत चालूच असतो. मग स्कॅनरमध्ये आधी 'चाकू' हा शब्द मोठ्याने वाचायला लावायचा, नंतर तोच पाहून 'कापणे' म्हणायला लावायचं, आणि दुसऱ्या चित्रातून पहिलं वजा करायचं. पडद्यावरचा लाल ठिपका म्हणजे ही बाकी, 'विचार' नव्हे. एक पायरी वाढवली की बाकीच्या पायऱ्या जशाच्या तशा राहतात, हे त्यात गृहीतच धरलेलं. शिवाय पेशी बोलतात मिलिसेकंदांत, रक्ताचा प्रतिसाद शिगेला पोचतो पाच-सहा सेकंदांनी.

मेंदूतल्या हजारो ठिकाणी एकदम अशी तुलना केली की योगायोगानेही ठिपके उमटतात. २००९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी मेलेल्या सामन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांचे फोटो 'दाखवले'. असे योगायोग गाळणारी संख्याशास्त्रीय दुरुस्ती न करता त्याच्याही मेंदूत हालचाल दिसली!

पुण्यातल्या चाचणीत रक्त नव्हतं, लहरी होत्या. त्यांत वेळ नेमकी कळते, जागा धूसर. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय अशा चाचण्या करायला मनाई केली.